नाशिकमध्ये बसून एस्टोनियात कंपनी: कार्डापासून डिसेंबरच्या रिपोर्टपर्यंत

मला महिन्याला दोन-तीन तरी मेसेज येतात, "दादा, एस्टोनियात कंपनी काढायचीय, तुम्ही काढली ना, कशी काढली?" प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळलो म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना इथूनच परत जायचंय त्यांचा वेळ वाचेल. एस्टोनियाची बाजू सोपी आहे, म्हणजे खरंच सोपी, आपल्याकडे सातबारा काढायला जेवढा घाम फुटतो तेवढाही फुटत नाही. लोक अडकतात ते आपल्या बाजूला, रिझर्व्ह बँकेचे नियम आणि इन्कम टॅक्स. आणि बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात: आधी उत्साहात कंपनी, मग दोन वर्षांनी सीए विचारतो "अहो, हे फॉर्म भरले का?" आणि मग तोंड पांढरं पडतं.

आधी ठरवा, तुम्हाला हे खरंच हवंय का

तुम्ही फ्रीलान्सर असाल, दोन-तीन परदेशी क्लायंट आहेत, ते पैसे पाठवतात आणि तुम्ही काम करता, तर तुम्हाला परदेशी कंपनी बहुतेक नकोय. इथेच प्रोप्रायटरशिप, सॉफ्टवेअरवाले बहुतेक लोक टेक्निकल कन्सल्टन्सीत बसतात त्यामुळे इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडीए, म्हणजे जमा रकमेच्या निम्मंच उत्पन्न धरायचं, ते सुद्धा ७५ लाखांपर्यंत जर रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर. शिवाय सर्व्हिस एक्स्पोर्टवर एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, भरला की जीएसटी शून्य. याच्याशी एस्टोनिया टॅक्समध्ये स्पर्धा करूच शकत नाही, हिशोब खाली दाखवतो.

मग कोणाला हवी? ज्यांचे गिऱ्हाईक युरोपात आहेत आणि त्यांना युरोपियन कंपनीचं बिल आणि युरोपियन आयबॅन, म्हणजे तिकडचा खाते नंबर असलेलं खातं पाहिजे. ज्यांना सबस्क्रिप्शन विकायचंय आणि पेमेंट गेटवेची पंचाईत आहे, स्ट्राइपने मे २०२४ पासून भारतात नवीन खाती फक्त निमंत्रणावर ठेवलीत हे तुम्हाला माहीत असेलच. किंवा ज्यांचा एक पार्टनर जर्मनीत, एक पुण्यात असं आहे. माझं पहिल्या प्रकारातलं होतं, छोट्या हॉटेलांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर, गिऱ्हाईक सगळे तिकडचे.

अमेरिकेतली एलएलसी, म्हणजे तिकडची छोटी लिमिटेड कंपनी, का नाही, हा प्रश्न येणारच. वायोमिंगमध्ये एलएलसी काढणं अजून स्वस्त आणि एस्टोनियासारखं ई-रेसिडेन्सीचं कार्ड-बिर्ड (ते खाली सांगतो) काही लागत नाही हे खरं. पण परदेशी एकट्या मालकाची एलएलसी असेल तर दरवर्षी तिकडच्या टॅक्स खात्याला फॉर्म ५४७२ (मालक आणि कंपनीतल्या व्यवहारांची माहिती) आणि सोबत नावापुरता ११२० (कंपनीचं रिटर्न) पाठवावा लागतो, कमाई शून्य असली तरी मालक आणि कंपनीत एक व्यवहार झाला की झालं, आणि नाही पाठवला तर दंड २५,००० डॉलर. हो, पंचवीस हजार. रील बनवणारे हे सांगत नाहीत. भारतातले जे फॉर्म खाली सांगतोय ते अमेरिकेच्या कंपनीलाही लागतातच, त्यामुळे तिकडे गेलात तरी पुढचा अर्धा लेख तुमच्यासाठीच आहे.

पहिली पायरी एस्टोनियात नाही, तुमच्या बँकेत

हे कोणी सांगत नाही म्हणून मी पहिल्या नंबरावर ठेवलंय. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशातल्या अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा एक जरी शेअर घेतला तरी ती ओडीआय, म्हणजे परदेशात थेट गुंतवणूक. २२ ऑगस्ट २०२२ ला आलेले ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटचे नियम आहेत, त्यात हे स्पष्ट आहे. रक्कम किती याला काही अर्थ नाही. एस्टोनियात फेब्रुवारी २०२३ पासून किमान भांडवलाची अट गेली, आधी २,५०० युरो लागायचे, आता एक सेंटवरही कंपनी होते, त्यामुळे लोकांना वाटतं एक युरोला कोण विचारतंय. एक युरोलाही फॉर्म एफसी, म्हणजे या गुंतवणुकीची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो बरं का.

पैसे लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून जातात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आपल्यासारख्यांना ती कधी लागत नाही. बँक तुमचा फॉर्म एफसी रिझर्व्ह बँकेच्या सिस्टीमवर टाकते आणि तुमच्या कंपनीसाठी यूआयएन नावाचा नंबर मिळतो. हा नंबर म्हणजे तुमच्या परदेशी कंपनीचं आधार कार्ड समजा, पुढचं सगळं त्यावर.

आता गंमत. माझ्या शाखेतल्या साहेबांना हे काहीही माहीत नव्हतं, त्यांचाही दोष नाही, नाशिकच्या शाखेत कोण येतं एस्टोनियाची कंपनी घेऊन. ते म्हणाले "जवळच्या नातेवाइकांचा खर्च असा पर्पज टाकू, लगेच जाईल." नाही! पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत याचा कोड, चुकीचा गेला की तो पैसा कागदावर गुंतवणूक राहतच नाही आणि नंतर निस्तरता निस्तरत नाही. शाखेत वाद घालू नका, त्यांना म्हणा की फॉरेक्सच्या डिपार्टमेंटशी जोडून द्या, मोठ्या बँकांची मुंबई-पुण्यात अशी डेस्क असतात आणि त्यांना ओडीआय हा शब्द कळतो. मला योग्य माणूस सापडायला पाच आठवडे गेले, सापडल्यावर काम दहा दिवसांत झालं. म्हणून म्हणतोय हे आधी करा, कार्ड यायच्या आधी, म्हणजे निदान बँक करणार का नाही करणार हे तरी कळेल.

अजून तीन गोष्टी इथेच लक्षात ठेवा. एक, भांडवल बँकेतूनच पाठवायचं, लंडनच्या मावसभावाने भरलं मी नंतर देतो असं नको. दोन, ती कंपनी खरा धंदा करणारी हवी, फायनान्शियल सर्व्हिसेसमधली चालत नाही आणि तुमचं कंट्रोल असेल तर तिच्याखाली अजून एक कंपनीही चालत नाही. तीन, शेअर मिळाल्याचा पुरावा पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत बँकेला द्यायचा.

कार्ड

एस्टोनिया म्हणजे बाल्टिकच्या काठावरचा देश, राजधानी टॅलिन, लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख, आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमीच. त्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ई-रेसिडेन्सी सुरू केली आणि आतापर्यंत लाखाच्या वर लोकांनी कार्ड घेतलंय. नावात रेसिडेन्सी आहे म्हणून घरच्यांना वाटतं मुलगा युरोपला चालला. हे व्हिसा नाही, राहण्याचा परवाना नाही, याने शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, पाऊलही टाकता येत नाही, टॅक्स रेसिडेंटही होत नाही. ही फक्त सरकारी डिजिटल ओळख आहे, चिप असलेलं कार्ड, ज्याने तुम्ही त्यांच्या पोर्टलवर लॉगिन करता आणि सही करता.

अर्ज ऑनलाइन. पासपोर्टची कॉपी, फोटो, आणि का पाहिजे ते लिहायचं. फी १५० युरोच्या आसपास. "का पाहिजे" मध्ये निबंध नको, काय विकता, कोणाला विकता, युरोपियन कंपनीची गरज का, चार वाक्यं साधी. त्यांचं पोलीस आणि बॉर्डर गार्डचं खातं तुमची तपासणी करतं, मग कार्ड तुम्ही निवडलेल्या ठिकाणी येतं. भारतासाठी नवी दिल्लीतला दूतावास, चाणक्यपुरीत. स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे देऊन कार्ड हातात घ्यायचं, कुरिअर नाही, भाऊ जाऊन आणतो हेही नाही. आधी अपॉइंटमेंट घ्या. मी पंजाब मेलने गेलो, काम वीस मिनिटांचं आणि प्रवास दोन रात्रींचा. कार्ड आलंय म्हटल्यावर फार दिवस ठेवू नका, सहा महिने कोणी घेतलं नाही तर ते नष्ट करतात.

सोबत पिनचं पाकीट असतं. पिन १ लॉगिनसाठी, पिन २ सहीसाठी. पिन २ ने केलेली सही युरोपियन युनियनमध्ये हाताने केलेल्या सहीइतकीच कायदेशीर, त्यामुळे पिन २ सीएला, अकाउंटंटला, बायकोला, कोणालाही देऊ नका. तीनदा चुकलात की लॉक, मग पीयूके, म्हणजे लॉक उघडायचा कोड, लागतो, ते पाकीट कपाटात ठेवा, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवू नका. कार्ड पाच वर्षं चालतं, नंतर परत अर्ज, परत फी, परत दिल्ली.

कंपनी

तिकडच्या प्रायव्हेट लिमिटेडला ओसायुहिंग म्हणतात, नावापुढे ओयू लागतं. ई-बिझनेस रजिस्टरवर कार्डाने लॉगिन करायचं, नाव शोधायचं, धंद्याचा कोड निवडायचा, संचालक कोण, मालक कोण, अंतिम मालक कोण हे भरायचं, तयार नियमावली घ्यायची, सही, २६५ युरो सरकारी फी, संपलं. पोर्टल इंग्रजीत आहे, मी एका दुपारी केलं आणि एक-दोन दिवसांत नोंदणी झाल्याचा मेल आला.

पण त्याआधी एक करार लागतो. संचालक परदेशात राहत असेल तर एस्टोनियात कायदेशीर पत्ता आणि कॉन्टॅक्ट पर्सन ठेवणं सक्तीचं आहे, आणि हा कॉन्टॅक्ट पर्सन लायसन्स असलेलाच हवा, ओळखीचा कोणी टॅलिनला शिकायला गेलाय म्हणून त्याचा पत्ता देता येत नाही. वर्षाला काहीशे युरो जातात. कंपन्या खूप आहेत, स्वस्त बघून पहिलीच घेऊ नका, पत्रं स्कॅन करून किती दिवसांत पाठवता आणि अकाउंटिंग सोबत घेतलं नाही तर चालतं का हे दोन प्रश्न विचारा. आणि तिसरा प्रश्न आपल्यासाठी खास: भांडवल कधी आणि कुठल्या खात्यात भरायचं. कारण इकडे बँकेला फॉर्म, यूआयएन, पैसे असा क्रम पाहिजे आणि तिकडे त्यांचा क्रम वेगळा, दोन्ही एकमेकांना जुळवून मगच रजिस्ट्रेशनचं बटण दाबा. मी जुळवलं नव्हतं, मग बँकेला तीन पानी पत्र लिहीत बसलो.

खातं

इथे सगळ्यात जास्त लोक तोंडघशी पडतात. कार्ड आहे, कंपनी आहे, म्हणजे बँक खातं देणारच, असं नाही. एस्टोनियातल्या मोठ्या बँका विचारतात, तुमचा आमच्या देशाशी संबंध काय? गिऱ्हाईक इथे आहेत? माणसं इथे आहेत? नाही म्हटलं की नम्रपणे नकार. म्हणून बहुतेक ई-रेसिडेंट वाइज, पेओनियर अशा फिनटेक, म्हणजे ऑनलाइन पेमेंट कंपन्यांच्या खात्यांवर चालतात. तिथेही वेबसाइट, कॉन्ट्रॅक्ट, दोन-चार बिलं, तुमच्या घरच्या पत्त्याचा पुरावा मागतात. वेबसाइट "कमिंग सून" असेल तर अर्जच करू नका. मी आधी तीन गिऱ्हाइकांकडून ईमेलवर लेखी होकार घेऊन ठेवले होते, ते जोडले, त्याने काम झालं असं मला वाटतं.

खातं मिळेपर्यंत क्लायंटला तारीख देऊ नका. एवढंच.

टॅक्स, म्हणजे ज्यासाठी सगळे येतात

"एस्टोनियात शून्य टॅक्स" हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण असं: नफा कंपनीतच ठेवलात आणि धंद्यात घातलात तर कॉर्पोरेट टॅक्स शून्य, ज्या दिवशी बाहेर काढाल त्या दिवशी टॅक्स. २०२५ पासून दर २२ टक्के, तोही हातात पडणाऱ्या रकमेवर २२ भागिले ७८ असा मोजतात.

समजा १०,००० युरो नफा झाला आणि सगळा डिव्हिडंड म्हणून काढला. २,२०० तिकडे गेले, ७,८०० तुमच्याकडे आले. आता हे ७,८०० भारतात तुमच्या उत्पन्नात धरले जातात, तुमच्या स्लॅबने. ३० टक्क्यांत असाल तर अजून २,३४०, सेस वेगळा. उरले ५,४६०. आणि ते २,२०० कंपनीने भरलेत, तुम्ही नाही, म्हणून तुमच्या भारतातल्या टॅक्समधून वजा मागता येत नाहीत. भारत आणि एस्टोनियात २०१२ पासून टॅक्स करार लागू आहे, पण तो या जागी आपल्याला वाचवत नाही. वर ४४एडीएचं का सांगितलं ते आता कळलं असेल.

मग पगार घेऊ? संचालक म्हणून मानधन घेतलंत तर ते एस्टोनियात करपात्र, त्यावर ३३ टक्के सोशल टॅक्स कंपनीने भरायचा आणि वर इन्कम टॅक्स कापायचा, भारतात बसून काम केलं असलं तरी. कर्मचारी म्हणून भारतात बसून केलेल्या कामाचा पगार वेगळा मोजतात, तो भारतात करपात्र. संचालकाचं काम किती आणि डेव्हलपरचं काम किती हे कागदावर वेगळं हवं, दोन करार करा. तिसरा मार्ग, तुमच्या इकडच्या प्रोप्रायटरशिपने तुमच्याच एस्टोनियन कंपनीला बिल लावायचं, बरेच जण करतात. चालतं, पण दोन्हीकडे तुम्हीच, म्हणून ट्रान्सफर प्रायसिंग लागतं, म्हणजे बिल बाजारभावानेच लावलंय हे दाखवायचं, आणि त्याचा सीएकडून रिपोर्ट, रक्कम कितीही छोटी असो. त्याची फी धरून गणित करा.

व्हॅट, म्हणजे तिकडचा जीएसटी, थोडक्यात: वर्षाच्या ४०,००० युरो विक्रीच्या पुढे सक्तीचा, आधी स्वतःहून घेता येतो पण टॅक्स खातं विचारतं की खरंच धंदा करताय का. जुलै २०२५ पासून दर २४ टक्के आहे. नंबर घेतला की दर महिन्याच्या २० तारखेला रिटर्न, विक्री शून्य असली तरी. सामान्य ग्राहकांना युरोपभर ॲप-बिप विकत असाल तर वर्षाच्या १०,००० युरो विक्रीनंतर ज्या त्या देशाचा व्हॅट लागतो, त्यासाठी ओएसएस नावाची एकच खिडकी आहे.

आता भारतीय बाजूचं एक मोठं भूत, पीओईएम. कंपनी परदेशी पण निर्णय सगळे भारतातून होतात, म्हणजे कंपनी भारतीयच धरा, असा नियम. व्हॉट्सअ‍ॅपवर याने लोकांना फार घाबरवतात. २०१७ च्या सीबीडीटीच्या (इन्कम टॅक्सचं केंद्रीय मंडळ) परिपत्रकाप्रमाणे वर्षाची उलाढाल ५० कोटी किंवा त्याच्या आत असेल तर हा नियम लावत नाहीत. तेव्हा ते भूत आपल्या घरचं नाही. पण त्याचा धाकटा भाऊ आहे, पीई, म्हणजे कायमची आस्थापना. तुम्ही तुमच्या घरातल्या टेबलावरून सगळी कंपनी चालवता, तर ती जागा भारतातली आस्थापना ठरू शकते आणि तेवढा नफा इथे परदेशी कंपनीच्या दराने, म्हणजे ३५ टक्क्यांनी करपात्र होऊ शकतो. याला मर्यादा-बिर्यादा नाही. म्हणून सीए असा शोधा ज्याने हे आधी केलंय. आपला नेहमीचा, वडिलांच्या दुकानाचं रिटर्न भरणारा सीए माणूस म्हणून सोन्यासारखा असेल, या कामाला नको. मी पहिल्या वर्षी तीच चूक केली आणि त्याने आयटीआर-४ हा छोट्या धंद्यांचा साधा रिटर्न फॉर्म भरला, परदेशात मालमत्ता असेल तर तो फॉर्म चालतच नाही.

दरवर्षीचं

एस्टोनियात वार्षिक रिपोर्ट आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे बहुतेकांचा ३० जूनपर्यंत. धंदा झाला नसला तरी भरायचा. छोट्या कंपनीला ऑडिट लागत नाही, पोर्टलवर स्वतःही भरता येतो.

भारतात इन्कम टॅक्स रिटर्न, आयटीआर-२ किंवा ३, त्यात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता. हे भरताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, यात एप्रिल ते मार्च नाही तर जानेवारी ते डिसेंबर धरायचं. कंपनीचे शेअर तर लिहायचेच, पण ज्या परदेशी खात्यावर तुमची सही चालते ते खातंही लिहायचं, कंपनीच्या नावावर असलं तरी. नाही लिहिलं तर २०१५ च्या ब्लॅक मनी कायद्यात १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, पण म्हणून लिहायचं सोडू नका, धंदा वाढला की ती रेषा कधी ओलांडली ते कळतही नाही.

आणि ३१ डिसेंबर. एपीआर, म्हणजे ॲन्युअल परफॉर्मन्स रिपोर्ट, बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला. इथे खरी मेख आहे. कंपनीवर तुमचं कंट्रोल असेल, आणि एकट्याची कंपनी म्हणजे असणारच, तर एपीआर ऑडिट केलेल्या हिशोबावर द्यायचा. तिकडे ऑडिट सक्तीचं नाही, इकडे मागतात. म्हणजे एस्टोनियात जे फुकट सुटलं ते आपल्यासाठी मुद्दाम करून घ्यायचं. सर्व्हिस प्रोव्हायडरला मार्चमध्येच सांगून ठेवा, डिसेंबरच्या विसाव्या तारखेला फोन केलात तर तिकडे नाताळच्या सुट्ट्या लागलेल्या असतात, फोनच उचलत नाहीत, मी केलाय. उशीर झाला तर ७,५०० रुपये लेट फी भरून सुटता येतं, पण एपीआर बाकी असेल तर बँक पुढचे पैसे पाठवू देत नाही, आणि तो त्रास ७,५०० पेक्षा मोठा.

कंपनी चालली नाही तर? नुसती सोडून देऊ नका. तिकडे लिक्विडेशनची रीतसर प्रोसिजर आहे, काही महिने जातात, तोपर्यंत पत्त्याची आणि कॉन्टॅक्ट पर्सनची फी चालूच. शेवटचे पैसे भारतात आले की ३० दिवसांत बँकेला कळवायचं आणि यूआयएन बंद करून घ्यायचा. माझ्या एका मित्राने टॅलिनची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद केली, यूआयएनचं विसरला, आता दर जानेवारीत बँकेचा मेल येतो की तुमचा एपीआर कुठाय.